बाप नाही, पण आजा आहे

(उमरी, जि. नांदेड येथून समुदाय रेडिओसाठी केलेलं भाषण)

उमरीहून आम्ही बोलतोय. आम्ही म्हणजे इथल्या काही शिक्षिका, बचत गटातल्या काही जणी आणि कॉलेजात शिकणाऱ्या दोघी-तिघी मुली. एरवी आपण आजारपण, शेती, सरकारी योजना यांवर बोलतो. आज मुंगीबद्दल बोलणार आहोत. सुरुवातीलाच एक कोडं घालतो. असा कोण, ज्याला बाप नाही पण आजा आहे?

उत्तर लगेच सांगत नाही. भाकरी थापता थापता विचार करा.

मुंगी आपल्याइतकी जवळून कुणी पाहत नसेल. साखरेच्या डब्याखाली पाण्याची ताटली ठेवायची, गुळाच्या ढेपेला फडकं गुंडाळायचं, उंबऱ्याच्या फटीत हळद टाकायची, ही सगळी कामं आपल्याकडेच असतात. बारीक लाल मुंगी कडाडून चावते, घरातली काळी मुंगी फारसा त्रास देत नाही, लिंबाच्या बुंध्यावर चढतो तो मोठा काळा मुंगळा, एवढं लेकरांनाही कळतं. पण त्या रांगेबद्दलची एक गोष्ट आपल्यापैकी बहुतेकींना कुणी सांगितलेली नसते. ती सगळी रांग माद्यांची असते. दाणा ओढणारी मादी, वाट दाखवणारी मादी, दारावर पहारा करणारी आणि शत्रूशी झुंजणारीही मादीच. मुंगळा असं आपण पुरुषी नाव ठेवलंय, पण आपल्याला चावते ती मुंगळ्यांतली कामकरी मादी असते.

मग नर कुठं असतात? ते थोडेच दिवस दिसतात. मृगाचा पहिला पाऊस पडला की दिव्याभोवती पंखवाले किडे येतात. त्यांतले बरेचसे उधईचे म्हणजे वाळवीचे असतात, काही मुंग्यांचे असतात. ओळखायची खूण सोपी आहे. मुंगीची कंबर बारीक असते आणि डोक्यावरच्या मिशा कोपरात वाकल्यासारख्या असतात. उधईची कंबर जाड असते, मिशा सरळ असतात आणि चारही पंख सारखे लांब असतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान असतात. नागपंचमीला आपण ज्या मातीच्या वारुळाची पूजा करतो, ते बांधलेलंही बहुतेक वेळा उधईनंच असतं. आणि उधई ही मुंगी नव्हेच, ती झुरळाच्या कुळातली आहे.

पंख फुटलेल्या मुंग्यांत दोन प्रकार असतात, होणाऱ्या राण्या आणि नर. हवेत त्यांचं मीलन होतं. त्यानंतर नर थोड्याच वेळात मरून जातात. राणी जमिनीवर उतरते, स्वतःचे पंख स्वतःच मोडून टाकते आणि बिळात शिरते. नराकडून मिळालेलं बीज ती पोटातल्या एका बारीक पिशवीत साठवून ठेवते आणि ते तिला आयुष्यभर पुरतं. काळ्या मुंग्यांच्या एका जातीची राणी सांभाळलेल्या वसाहतीत २८ वर्षं जगल्याची नोंद आहे. आता विचार करा, एका दिवसाच्या मीलनावर इतक्या वर्षांची लेकरं.

आता अंड्याकडे येऊ. राणी अंडं घालते तेव्हा त्या पिशवीतलं बीज अंड्याला मिळालं, तर त्यातून मादी होते. बीज मिळालं नाही, तरी अंडं वाया जात नाही. त्यातून नर होतो. म्हणजे मुंग्यांतल्या नराला आई असते, पण बाप नसतो. त्याच्या आईला मात्र बाप होता. म्हणून त्याला आजा असतो. हे आपल्या कोड्याचं उत्तर. मधमाश्यांचंही असंच आहे. १८४५ साली युरोपातल्या झिर्झोन नावाच्या एका धर्मगुरूनं मधमाश्या पाळता पाळता हे पहिल्यांदा मांडलं, तेव्हा लोकांचा त्याच्यावर विश्वास बसला नव्हता.

त्याचं म्हणणं खरं, हे कशावरून पटलं? पुढच्या काळात सूक्ष्मदर्शक सुधारले आणि माणसांनी मधमाशीची, मुंगीची गुणसूत्रं मोजली, त्यावरून. आजच्या बोलण्याचा खरा विषय हीच मोजणी आहे.

गुणसूत्र म्हणजे काय, ते आधी सांगतो. आपलं शरीर पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीत मध्यभागी एक गाभा असतो आणि त्यात धाग्यासारखी गुणसूत्रं असतात. नाक कसं, रंग कसा, रक्तगट कोणता, अशा गोष्टी कशा घडवायच्या याचा मजकूर त्या धाग्यांवर असतो. माणसाच्या पेशीत असे ४६ धागे असतात, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतला एक धागा आईकडून आणि एक बापाकडून येतो. आपल्या ज्वारीत २० असतात. गावरान कापसात २६ आणि अमेरिकन कापसात ५२ असतात. आज आपल्या शिवारात बीटीच्या नावानं लावतात तो बहुतेक सगळा ५२ वाला अमेरिकन कापूस. गावरान आणि अमेरिकन यांचा संकर सहज जमत नाही, त्याचं मोठं कारण हा आकड्यांतला फरक आहे. कापूस वेचणाऱ्या हातांनी हे ठाऊक करून घ्यायला हरकत नाही.

मुंग्यांत मात्र या आकड्याची कमालच आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा शहराजवळ उड्या मारत चालणारी आणि जोरात डंख करणारी एक मुंगी आहे. १९८६ साली क्रॉसलँड आणि क्रोझियर या दोघा अभ्यासकांनी दाखवलं, की तिच्या कामकरी मादीत फक्त दोन गुणसूत्रं आहेत, म्हणजे एकच जोडी. आणि तिच्या नरात? नराला बापाकडचा हिस्सा मिळतच नाही, म्हणून त्याच्यात एकच. एका धाग्यावर अख्खा जीव. यापेक्षा कमी असूच शकत नाही. दुसऱ्या टोकाला ब्राझीलमधली एक मोठी काळी मुंगी आहे. तिच्या मादीत १२० पर्यंत गुणसूत्रं सापडली आहेत. माणसाच्या अडीचपटीहून जास्त. म्हणून ती माणसापेक्षा हुशार, असं होत नाही. एकच साडी दोन तुकड्यांत फाडली किंवा वीस तुकड्यांत फाडली, तरी कापड तेवढंच राहतं.

एवढ्याशा जीवाच्या पोटातलं मोजतात तरी कसं? ते ऐकण्यासारखं आहे, कारण त्यात आपल्या ओळखीचं एक रोप येतं.

गुणसूत्रं नेहमी दिसत नाहीत. पेशी एकाची दोन होत असते तेव्हाच ती आखडून जाड होतात आणि मोजता येतात. मोठ्या झालेल्या मुंगीत पेशी फारशा वाढत नाहीत. म्हणून बिळातून अळी घ्यायची, तीही कोष होण्याच्या अगदी बेतात आलेली. तिच्या डोक्यात मेंदू घडत असतो आणि तिथं पेशी भराभर वाढत असतात. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईनं तो मेंदू बाहेर काढायचा. खसखशीच्या दाण्याएवढाही नसतो तो. मग त्याला कोल्चिसीन घातलेल्या पातळ क्षाराच्या पाण्यात ठेवायचं.

हे कोल्चिसीन पेशीचं काम अर्ध्यावर थांबवतं. धागे आखडलेले असतानाच पेशी जिथल्या तिथं अडते. हे द्रव्य ज्या वनस्पतींत असतं, त्यांतली एक म्हणजे आपली कळलावी. श्रावणात कुंपणावर, बांधावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं फूल येतं, तीच. कुठं तिला वाघनखी म्हणतात, कुठं गौरीचे हात म्हणतात. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून तिचा कंद वापरायचे, त्यावरून कळलावी हे नाव पडलं. इथं थांबून एक गोष्ट बजावून सांगतो. तो कंद जहाल विषारी आहे. तो पोटात गेल्यानं माणसं दगावली आहेत. जे द्रव्य मुंगीच्या पेशीला वाढू देत नाही, तेच आपल्याही पेशींना वाढू देत नाही. म्हणून कळलावी बघायची, पोटात घ्यायची नाही, आणि बाळंतपणाला दवाखान्यातच जायचं.

पुढं पातळ क्षाराच्या पाण्यानं पेशी फुगते, जसे भिजवलेले हरभरे फुगतात. फुगली की आतले धागे एकमेकांपासून सुटे होतात. ही युक्ती सापडण्याआधी धाग्यांचा गुंता इतका असायचा, की माणसाचीच गुणसूत्रं चुकीची मोजली गेली. १९५६ पर्यंत शास्त्रज्ञ माणसात ४८ असतात असं सांगत होते. त्या वर्षी त्यो आणि लेवान या दोघांनी नीट मोजून ४६ हा आकडा पक्का केला. तर फुगलेल्या पेशी ॲसिटिक ॲसिड आणि अल्कोहोलमध्ये पक्क्या करायच्या, काचेच्या पट्टीवर पसरून वाळवायच्या आणि वर जिम्सा नावाचा जांभळा रंग घालायचा. रक्तात हिवतापाचे जंतू शोधायलाही हा रंग वापरतात. मग हजारपट मोठं करून बघायचं, फोटो काढायचा. पूर्वी तो फोटो कात्रीनं कापून एकेक गुणसूत्र वेगळं करायचे आणि लांबीप्रमाणे जोड्या लावायचे. रांगोळीचे ठिपके मोजावेत किंवा तांदूळ निवडावेत, तसलं हे काम आहे. घाई केली की आकडा चुकतो.

हे काम आपल्या महाराष्ट्रातही झालं आहे. १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी नावाची संस्था सुरू झाली. मालवणला जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर तिचे संस्थापक. १९९२ पासून तिला आघारकर संशोधन संस्था म्हणतात. तिथले जी. बी. देवडीकर यांनी १९५९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर भारतीय मधमाशीच्या गुणसूत्रांवर लिहिलं होतं. पुढं जपानमधले हिरोतामी इमाई हे मुंग्यांच्या गुणसूत्रांचे मोठे अभ्यासक भारतातल्या आणि बाहेरच्या संशोधकांना बरोबर घेऊन आपल्याकडच्या मुंग्यांच्या मागे लागले. भारतीय मुंग्यांच्या गुणसूत्रांची ही पाहणी १९८४ साली जपानच्या एका शास्त्रीय मासिकात छापून आली. तिच्या लेखकांत देवडीकर आणि व्ही. जी. वैद्य ही नावं आहेत. आपल्याच मातीतल्या मुंग्यांचा हिशेब त्यामुळे जगापुढं आला.

याच विद्येत एका बाईनं फार मोठं नाव केलं. अर्चना शर्मा. १९३२ साली त्यांचा जन्म पुण्यात झाला. शिक्षण आधी राजस्थानात आणि मग कोलकात्यात झालं. गुणसूत्रं कशी तयार करायची, कशी रंगवायची आणि कशी वाचायची यावर त्यांनी पती अरुणकुमार शर्मा यांच्याबरोबर १९६५ मध्ये इंग्रजीत एक जाडजूड पुस्तक लिहिलं. जगभरच्या प्रयोगशाळांनी ते वापरलं. १९७५ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला आणि १९८४ मध्ये पद्मभूषण. आमच्यातल्या एका शिक्षिकेनं वर्गात हे सांगितलं, तेव्हा मुलींनी विचारलं, "मॅडम, त्या आपल्या पुस्तकात का नाहीत?" प्रश्न बरोबर आहे.

आता तुम्ही विचाराल, की मुंगीच्या पोटातले धागे मोजून काय मिळालं? चार गोष्टी मिळाल्या. त्यांतली चौथी थेट आपल्या घरातली आहे.

पहिली गोष्ट, आकडे का बदलतात. इमाई यांचं म्हणणं असं, की गाभ्याच्या लहानशा जागेत लांब धागे कोंबलेले असले की ते एकमेकांना घासतात, तुटतात आणि चुकीच्या ठिकाणी जुळतात. शिवणाच्या डब्यात लांब दोऱ्यांचा गुंता होतो तसं. धागे तुटून आखूड झाले की गुंता कमी होतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आकडा वाढत जातो. कधी उलटंही होतं, दोन धागे जुळून एक होतात. ऑस्ट्रेलियातल्या त्या एका जोडीच्या मुंगीत तसंच झालं असावं. मुंग्यांच्या जाती हजारोंनी आहेत आणि आकडे सगळ्या तऱ्हेचे आहेत, म्हणून असं काही तपासून बघायला मुंगीसारखा दुसरा जीव नाही.

दुसरी गोष्ट, जाती ओळखणं. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन मुंग्यांची गुणसूत्रं मोजली आणि आकडे वेगळे निघाले, तर त्या दोन जाती असू शकतात. ऑस्ट्रेलियातल्या त्या मुंगीच्या बाबतीत हेच झालं. जिला एकच जात समजत होते, तिच्यात अनेक जाती निघाल्या.

तिसरी गोष्ट, घराची रीत. अमेरिकेत पसरलेली एक आगमुंगी आहे. तिच्या काही वसाहतींत एकच राणी चालते, दुसरी आली की कामकरी तिला मारून टाकतात. काही वसाहतींत मात्र अनेक राण्या एकत्र नांदतात. २०१३ मध्ये असं सिद्ध झालं, की हा फरक एका गुणसूत्रावरच्या मोठ्या पट्ट्यामुळे पडतो. ज्या घरातल्या कामकऱ्यांमध्ये त्या पट्ट्याचा एक खास प्रकार असतो, तिथं अनेक राण्या चालतात. एकत्र कुटुंब की वेगळी चूल, हे त्या मुंगीत एका धाग्यावर लिहिलेलं असतं. आपलं तसं नाही, हे बरं.

इथं बहिणींचं एक गणितही ऐका. मुंगीच्या बापाकडं गुणसूत्रांचा एकच संच असतो. म्हणून तो प्रत्येक लेकीला सगळाच्या सगळा देतो. आईकडं दोन संच असतात, ती त्यांतला मिसळून एक देते. त्यामुळे एकाच बापाच्या दोन बहिणी सोळा आण्यांत बारा आणे सारख्या निघतात. माणसात सख्ख्या बहिणी सरासरी आठ आणे सारख्या असतात, आणि आई व लेकही आठ आणेच. १९६४ मध्ये हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं हा हिशेब मांडला आणि विचारलं, की कामकरी मुंग्या स्वतः लेकरं न करता बहिणींना का वाढवतात, याचं उत्तर यात असेल का? पुढं असं दिसलं, की एवढ्यानं सगळं उलगडत नाही. उधईत नरालाही बाप असतो, बारा आण्यांचं गणित तिथं लागू नाही, तरी तीसुद्धा एकजुटीनं राहते. म्हणून शास्त्रज्ञ अजून शोधतच आहेत.

आता चौथी गोष्ट. मुलगा की मुलगी, हे कशावरून ठरतं?

मुंगीत ते बीज मिळालं की नाही यावरून ठरतं, आणि ती पिशवी राणीच्या पोटात असते. म्हणजे मुंगीत आईकडं खरोखर काही प्रमाणात हे हातात आहे. माणसात काय असतं, हे शोधायलाही किडेच उपयोगी पडले आणि ते शोधणारी एक बाईच होती. नेटी स्टीव्हन्स, अमेरिकेतली. जन्म १८६१ चा. आधी शाळेत शिकवलं, ग्रंथालयात काम केलं, पैसे साठवले आणि पस्तिशीत विद्यापीठात नाव घातलं. १९०५ साली त्यांनी पिठात-धान्यात होणाऱ्या अळीच्या भुंगेऱ्याची गुणसूत्रं मोजली. मादीत २० मोठी गुणसूत्रं निघाली. नरात १९ मोठी आणि एक लहान. नराचं बीज दोन प्रकारचं होतं, अर्ध्या बीजात मोठं आणि अर्ध्या बीजात ते लहान गुणसूत्र. लहानवालं बीज अंड्याला मिळालं की नर, मोठंवालं मिळालं की मादी. आपण पीठ चाळताना जो किडा बाहेर फेकतो, तसल्याच किड्यात त्या बाईंना हे दिसलं. १९१२ साली त्या स्तनाच्या कर्करोगानं गेल्या.

माणसाचंही असंच निघालं. बाईच्या दोन्ही गुणसूत्रांना एक्स म्हणतात. पुरुषाकडं एक एक्स असतो आणि एक लहान, त्याला वाय म्हणतात. आई प्रत्येक लेकराला एक्सच देते, तिच्याकडं दुसरं काही नसतंच. बापाच्या बीजातून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. दर वेळी दोन्हींची शक्यता जवळजवळ निम्मी-निम्मी. आधी तीन मुली झाल्या म्हणून चौथ्या वेळी हा हिशेब बदलत नाही.

मैत्रिणींनो, हे ज्ञान शंभर वर्षांहून जुनं आहे. शाळेच्या पुस्तकात आहे. दहावीच्या परीक्षेत आपलीच लेकरं याचं उत्तर लिहून मार्क मिळवतात. आणि घरी येऊन तीच लेकरं ऐकतात, की काकूला मुलीच होतात, तिच्या कुशीतच दोष आहे. आमच्या गटातल्या एकीला तिसरी मुलगी झाल्यावर सासरच्यांनी दोन वर्षं नेलं नाही. दुसरीला मुलगा व्हावा म्हणून कसल्यातरी पुड्या खायला घातल्या. ती सांगते, "पुडी मला देत होते, आणि ज्याच्यावर ठरतं तो बाजूला बसून चहा पीत होता." हसू येतं, पण त्या पुडीत काय होतं हे आजपर्यंत तिला कळलेलं नाही.

एक गोष्ट नीट समजून घेऊ. ठरतं बापाच्या बीजावरून, म्हणून आता बापाला दोष द्यायचा, असं आम्ही म्हणत नाही. कोणतं बीज पुढं जाईल, हे त्याच्याही हातात नसतं. मुंगीच्या राणीसारखी झाकायची-उघडायची पिशवी माणसात कुणाकडंच नाही. दोष कुणाचाच नाही, कारण मुलगी होणं हा दोषच नाही. पण एका बाजूनं खोटा आरोप पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असेल, तर तो खोटा आहे हे मोठ्यानं सांगावं लागतं.

याची किंमत आकड्यांत दिसते. सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ च्या जनगणनेत ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्येच केला होता. देशाचा कायदा १९९४ चा आहे. त्यानुसार पोटातल्या बाळाचं लिंग तपासणं, विचारणं आणि सांगणं गुन्हा आहे. पण कायदा सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत पोचतो. त्याआधी ओसरीवर, पाळण्याच्या गाण्यात, डोहाळजेवणाच्या थट्टेत जे बोललं जातं, तिथं आपल्यालाच पोचावं लागेल.

गुणसूत्रांच्या मोजणीचा आणखी एक उपयोग लक्षात ठेवा. वारंवार गर्भपात होत असेल, तर डॉक्टर गुणसूत्रांची तपासणी सुचवतात. आपल्या रक्तातल्या पेशी वाढवून, थांबवून, फुगवून, रंगवून, मुंगीसारख्याच पद्धतीनं ती करतात. ही तपासणी नवरा आणि बायको दोघांची असते. दोघांचं रक्त द्यायचं. "हिचीच तपासा" असं कुणी म्हटलं, तर शांतपणे सांगायचं, की अर्धे धागे त्यांचे आहेत.

आता मुलींसाठी एक काम. प्रयोगशाळा नसली तरी सुरुवात करता येते. वीस-पंचवीस दिवस एकच बीळ बघा. एक वही करा. मुंग्या किती वाजता निघतात, उन्हात थांबतात का, काय ओढून नेतात, पांढरी अंडी तोंडात धरून कधी जागा बदलतात, हे रोज लिहा. साधं भिंग असलं तर कंबर आणि मिशा बघा. एका बशीत साखर, एकीत तेल आणि एकीत भिजलेली डाळ ठेवून कुठं आधी येतात ते टिपा. ज्यांना हे आवडेल, त्यांनी बारावीनंतर प्राणिशास्त्राचा विचार करावा. आपल्या नांदेडलाच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. त्यासाठी आधी मुंबई-पुणं गाठावं लागत नाही. आणि आयांनो, पोरगी बिळापाशी वाकून बसलेली दिसली, तर "रिकामी बसलीस काय" म्हणून हाक मारू नका. ती मोजते आहे.

येत्या पावसाळ्यात पहिल्या सरीनंतर दिव्याखाली पंखवाले किडे पडतील. झाडून टाकायच्या आधी लेकरांना बोलवा. कंबर बघा, पंख बघा, मुंगी कोणती आणि उधई कोणती ते ओळखा. आणि तेव्हाच, सासूबाई, नवरा, दीर सगळे ओसरीवर असताना, आजचं कोडं घाला. उत्तर कुणी विचारलंच, तर मुंगीपासून सुरू करा आणि एक्स-वायपर्यंत न्या. तुमचे प्रश्न आमच्याकडं पाठवा, पुढच्या वेळी त्यांवर बोलू.